पाठवणीचा रविवार

"हा पट्टा कुणाच्या पायावर बसणार ते प्रभूलाच ठाऊक," शालनमावशी सुईत दोरा ओवत म्हणाली, "पण टाका उसवला तर नाव माझं निघणार."

"तुमचं कशाला निघेल? तिथं कोण ओळखतं तुम्हाला?" आई म्हणाली.

"तुमचे साहेब ओळखतात ना! मागं फोनवर म्हणाले, मावशी, टाके लांब लांब पडायलेत, घाईत होता का? एवढ्या लांब बसून माणूस टाके बघतो, बाई!"

ओसरीभर हसू पसरलं.

शनिवारची दुपार होती. दर शनिवारी आमच्या चर्चच्या महिला मंडळातल्या बायका ओसरीवर चटया टाकून बसायच्या आणि चपलांचे पट्टे शिवायच्या. एक पट्टा झाला की तो मांडीवर ठेवायचा, जो पाय तो घालणार आहे त्याच्यासाठी थोडक्यात प्रार्थना करायची आणि मग पुढचा घ्यायचा, अशी रीत होती. खोकं भरलं की ते समुद्रापार जायचं, माझ्या वडिलांकडे.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथं अजून आपली माणसं आहेत.

माझ्या वडिलांचं नाव शांतवन खरात. जालन्यातल्या एका मिशन दवाखान्यात त्यांनी उभा जन्म कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांसाठी चपला केल्या. रोग बरा होतो, पण तळपायाची जाणीव पुष्कळदा परत येत नाही. खडा टोचला, काच घुसली, तरी कळत नाही. कळतं तेव्हा जखम हाडापर्यंत गेलेली असते. म्हणून मऊ रबराची, एकही खिळा नसलेली चप्पल. आणि तिच्याबरोबर पप्पांचा एकच धडा: आधी हात, मग पाय. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा. ही सवय त्यांनी घरालाही लावली. मी कॉलेजात शिकवायला लागले तरी सकाळी माझ्या चपलेतून हात फिरवून ती दारात ठेवायचे.

"मला टोचलं तर कळतं हो, पप्पा."

"कळतं ते चांगलंच आहे. सवय असू दे."

निवृत्त झाल्यावर ते गेले. तिकडच्या एका दवाखान्यात हे काम शिकवणारं कुणी नव्हतं. सरकारदरबारी ते चपला शिकवणारे कारागीर होते. आमच्यासाठी ते आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, पाठवलेले मिशनरी होते.

त्या दुपारी त्यांचा फोन आला. आईनं तो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पप्पांच्या मागे कामाचं टेबल दिसत होतं, भिंतीवर पायांचे कागदी नमुने लटकत होते.

"सलाम, मंडळी. राजधानीत जरा गडबड आहे म्हणतात. आमच्याकडं शांत आहे. ही बघा आयदा. माझ्याहून हात चांगला आहे तिचा."

एक सडपातळ बाई टेबलामागून पुढे वाकली. ती त्यांची पहिली पेशंट आणि पहिली शिष्या. तिच्या दोन्ही तळपायांना जाणीव नव्हती, हे पप्पांनी पूर्वी सांगितलं होतं. तिनं हात हलवला आणि ठसक्यात म्हणाली, "आदी हात, मग पाय!"

बायका हसून हसून लोळल्या. शालनमावशीनं डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर गाऱ्हाणं मांडलं, "साहेब, तिकडची बाई मराठी शिकली, पण तुमची लेक अजून पट्ट्याला हात लावत नाही. चहा तेवढा फक्कड करते. उद्या पहिला रविवार. पुन्हा मुकीच उभी राहणार बघा."

"राहू द्या, मावशी," पप्पा म्हणाले. "सगळ्यांनीच पाठवलं तर 'या' म्हणणारं कोण उरणार?"

मी कपबश्या गोळा करत होते.

"तबू, बोल की काही."

"काय बोलू? नाताळला येणार ना?"

"बोलावलंत तर."

"दूध उतू जातंय, पप्पा," मी म्हटलं आणि आत गेले.

पहिल्या रविवारचं सांगायला हवं. फार पूर्वी आमच्या मंडळीनं एका माणसाला परदेशी पाठवलं होतं आणि ती त्याला विसरून गेली. तो तिकडेच म्हातारा झाला, तिकडेच मेला; कुणी 'ये' म्हटलं नाही. तेव्हाच्या पाळकांनी नियम घालून दिला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक नाव घेऊन विचारणार, "यांना कोण पाठवतं?" आधी घरच्यांनी उभं राहून म्हणायचं, "मी पाठवतो." मग सगळ्या मंडळीनं. आणि वेळ आली की परतही त्यांनीच बोलवायचं, तसंच, तोंडानं. तोवर गेलेल्यानं जागा सोडायची नाही. ह्याला आमच्याकडं पाठवणी म्हणत.

आई दर महिन्याला स्वच्छ आवाजात म्हणायची, "मी पाठवते." मी तिच्याशेजारी उभी राहायची आणि तोंड मिटून घ्यायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते जायला नको होते, आणि देवाच्या घरात खोटं बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिलं गीत संपलं, पेटी थांबली. पाळक आढावसाहेब पुस्तक मिटून पुढे आले आणि माझ्या पर्समध्ये आईचा फोन थरथरला. पप्पा उपासनेच्या वेळी कधी फोन करत नसत. मी बाकाखाली वाकून तो कानाला लावला.

"तबू, आई कुठंय?"

"शेजारी. चर्चमध्ये आहोत. काय झालं?"

"ते बंदूकवाले नदीपर्यंत आलेत. रस्ता बंद होणार. दवाखान्याची शेवटची गाडी सीमेकडं निघालीय. बाहेरच्या माणसांना आधी नेतायत. माझी जागा धरलीय." मागे हॉर्न वाजत होता, थांबून थांबून.

"मग बसा ना! फोन काय करताय?"

"साहेबांना दे."

"पप्पा, आधी गाडीत बसा!"

"साहेबांना दे, बाळा."

मी फोन घेऊन सरळ पुढे गेले. आढावसाहेबांनी ऐकलं, त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन माइकजवळ धरला आणि सगळ्या चर्चमध्ये तो हॉर्न घुमला.

"सलाम सगळ्यांना," पप्पांचा आवाज आला. "गाडी उभी आहे. तुम्ही पाठवलंत म्हणून आलो. तुम्ही बोलावलंत तर येतो. नाही म्हणालात तर इथं काम आहेच."

आढावसाहेबांनी घाम पुसला. "आपण... आपण आधी प्रार्थना करू."

"साहेब, गाडी उभी आहे," मी म्हटलं.

"बाई, एवढा मोठा निर्णय प्रार्थनेवाचून कसा घ्यायचा? साळवेकाका, चालवा."

साळवेकाका आमचे सर्वांत जुने पंच. त्यांची प्रार्थना जगाच्या उत्पत्तीपासून निघायची. संडे स्कूलची पोरं म्हणायची, काका लाल समुद्र ओलांडेपर्यंत डबा खाऊन होतो. पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी हात जोडले. अब्राहामाला त्याच्या देशातून बाहेर बोलावणाऱ्या प्रभो. योसेफाला परमुलखात सांभाळणाऱ्या प्रभो. हॉर्न वाजला. मोशेला मिसरात परत पाठवणाऱ्या प्रभो. पुन्हा वाजला, ह्या खेपेस लांब. काका थांबले तसं शालनमावशीनं पुढे धरलं, ती रडत होती. तिच्यानंतर मागच्या बाकावरून आणखी कुणीतरी. माणसं मनापासून मागत होती. पण प्रार्थना संपली की बोलावं लागणार होतं, म्हणून ती संपत नव्हती.

"पुरे!" मी ओरडले. "'या' म्हणा ना! एवढंच तर म्हणायचंय!"

साळवेकाकांनी डोळे उघडले. "तबिथा, देवाचं घर आहे."

"तिकडं गाडी आहे, काका."

"घरच्यांनी आधी बोलायचं असतं."

"मग मी बोलते. या, पप्पा! निघून या!"

"तू नाही." काकांनी हात वर केला. ते रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. "तू पाठवलंयस कधी? एकदा तरी? पाठवतो त्यानं बोलवायचं. ज्यानं पाठवलंच नाही, त्याच्या बोलावण्यावर माणसानं काम टाकून यायचं कसं?"

नियम तसाच होता.

"साळवे," माइकमधून आवाज आला, खरखरत, "पोरीला बोलू नका. तिचं ऐकू आलं मला."

मग सगळे आईकडे बघू लागले.

आई पुढचा बाक धरून उभी होती. मी तिला ओळखत होते. तिनं बोलावलं तर ते येतील, अवाक्षर न काढता येतील, आणि उरलेलं आयुष्य त्या भिंतीवरच्या कागदी पायांकडे बघत काढतील, हे तिला दिसत होतं. आणि नाही बोलावलं तर काय, हेही.

"आई!" मी तिचा दंड हलवला. "आई, बोल!"

"अहो," ती म्हणाली. "ऐकताय?"

"हं."

"तुम्हाला काय हवंय?"

"ते नको विचारूस. तू काय म्हणतेस ते सांग."

आईनं डोळे मिटले. कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. आई अजून उभीच होती.

"या," ती म्हणाली. "या घरी. मी बोलवते."

"आम्ही बोलवतो!" सगळं चर्च एका आवाजात म्हणालं. इतक्या मोठ्यानं आम्ही कधी काही म्हटलं नव्हतं.

तो आवाज विरला तेव्हा लक्षात आलं, हॉर्न थांबला होता.

"बरं," पप्पा म्हणाले. "येतो."

फोन बंद झाला.

घरी येऊन आईनं त्यांची गादी उन्हात टाकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली. फ्रीजमधली मोसंबी बाहेर काढून ठेवली, त्यांना गार चालत नसत. सीमेवरून फोन येईल म्हणून मी फोन हातातून सोडला नाही. तो दुसऱ्या दुपारी आला, पण त्यांचा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या कचेरीतून आला. दवाखान्यावर गोळे पडले होते. चपलांचं वर्कशॉप जळालं होतं. पप्पा आत होते. तिथल्या माणसांनी त्यांना दवाखान्यामागे पुरलं होतं.

"म्हणजे ते गाडीत नव्हते?" आईनं विचारलं.

"नाही, बाई. गाडी सुखरूप पोचली."

आईनं फोन मला दिला, उन्हातली गादी उचलून आत आणली आणि तिची घडी घातली.

मग प्रत्येकानं आपापल्या मनाशी हिशेब लावला, आणि सगळ्यांचा एकच निघाला. गाडी आमच्यासाठी थांबून थांबून निघून गेली. साळवेकाका घरी आले, टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "वहिनी, मी अब्राहामापाशीच थांबायला हवं होतं." त्यानंतर त्यांनी कधी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. आई भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "हॉर्न थांबला होता गं. मी बोलले तेव्हा थांबला होता." मी तिला काय सांगणार? मलाही तसंच वाटत होतं. ओसरीवरची शिवण बंद पडली. पाठवणीचा रविवार बंद पडला. पाठवायला कुणी नव्हतं आणि धाडसही नव्हतं. मी आईला चर्चच्या दारापर्यंत सोडायची आणि बाहेर लिंबाखाली पुस्तक वाचत बसायची. शोकावर माणसांनी किती लिहून ठेवलंय ते मी त्या लिंबाखाली वाचलं. कानातला हॉर्न कशानंच वाजायचा राहिला नाही.

कितीतरी वर्षांनी, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, आमचं फाटक वाजलं. दवाखान्यातली एक नर्स एका परदेशी बाईला घेऊन आली होती. त्या बाईनं पायरीवर चपला काढल्या. त्यांचे पट्टे जुने झाले होते, तळ नवे होते. पट्ट्यावरचे टाके जरा लांब लांब होते.

मी वर बघितलं. तिचे केस पिकले होते.

"आयदा?"

"आदी हात," ती म्हणाली.

ती नवी पद्धत शिकायला आमच्या दवाखान्यात आली होती. काही महिने राहून परत जाणार होती. इतकी वर्षं छावणीत गेली, मग पडक्या दवाखान्यात पुन्हा वर्कशॉप उभारण्यात. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी आणि पप्पांची मराठी, अशी मिसळून ती बोलत होती. आईनं तिला ताट वाढलं. तिनं घास हातात घेतला आणि तसाच ठेवला.

"त्यांनी सांगितलं होतं, घरी सांग. मला उशीर झाला."

"काय सांग म्हणाले?" मी विचारलं.

"ते गाडीत बसले होते."

आई भाकरी करता करता वळली.

"बसले होते. पिशवी मांडीवर. तुमचा फोन झाला होता. ड्रायव्हर म्हणाला, आता निघू. मी पायरीवर उभी होते. बाकीचे सगळे डोंगरातून चालत जाणार होते, तीन दिवसांची वाट. मीपण जाणार होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं." तिनं स्वतःचे पाय साडीखाली ओढावेत तसे झग्याखाली ओढले. "मला दुखत नाही ना. मी चालले असते. पोचले असते तेव्हा पाय उरले नसते. ते खाली उतरले. मी नको म्हटलं. भांडले मी त्यांच्याशी. म्हटलं, तुम्हाला घरून बोलावलंय. ते म्हणाले, हो, बोलावलंय. माझ्या पोरीनंपण बोलावलं. मोठ्यानं. फार बरं वाटलं."

चुलीवरची भाकरी करपायला लागली होती. कुणी ती उलटली नाही.

"मग त्यांनी मला आत बसवलं. माझ्या चपला काढल्या. दोन्हींत हात फिरवला. पुन्हा पायात घातल्या. म्हणाले, चालणाऱ्यांच्या चपला तपासून त्यांच्याबरोबर येतो. दार लावलं. काचेतून म्हणाले, घरी भेटलीस तर सांग, बोलावलेलं वेळेवर ऐकू आलं होतं. मी स्वतः उतरलो."

आई पाटावर बसली. म्हणाली, "उतरले असतील. उतरणारच." आणि पदर तोंडाला लावून, त्यांचा मृत्यू कळला तेव्हा रडली नव्हती तशी रडली. मी भाकरी उतरवली. आयदाला दुसरी दिली.

संध्याकाळी मी साळवेकाकांकडे गेले. ते आता अंथरुणाला टेकून बसतात, ऐकू कमी येतं. मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आयदा निघायची ती पहिल्या रविवारी. विमानतळावर न्यायला दवाखान्याची गाडी उपासना सुटण्याआधीच फाटकात येऊन लागली. आढावसाहेब निवृत्त झाले होते. नवे पाळक तरुण होते, पण शालनमावशीनं त्यांना जुनी रीत सांगितली होती. सगळी मंडळी बाहेर पायऱ्यांवर आली. साळवेकाकांना खुर्चीत बसवून आणलं होतं. महिला मंडळानं शिवलेल्या पट्ट्यांचं खोकं डिकीत चढवलं. शनिवारभर मीही शिवत बसले होते, मावशीनं माझा पट्टा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "माझ्याहून लांब टाके घालणारी निघाली एकदाची."

"काका, प्रार्थना चालवता?" पाळकांनी विचारलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नाही घातली. मी काकांकडे बघत होते. त्यांनी हात जोडले, फाटकाकडे एकदा पाहिलं.

"प्रभो, गाडी उभी आहे," ते म्हणाले. "आमेन."

"आमेन," मंडळी म्हणाली, आणि कुणीतरी हसलं, आणि ते हसू रडण्यात गेलं.

आयदा खालच्या पायरीवर बसून चपला ओढू लागली. मी तिच्या आधी त्या उचलल्या. उजवीत हात घातला. रबर मऊ होतं, दारातल्या धुळीतला एक बारीक खडा टाचेपाशी अडकला होता, तो मी काढला. डावीत हात फिरवला. मग दोन्ही तिच्या पायांपुढे ठेवल्या. तिनं घातल्या.

"आयदाला कोण पाठवतं?" पाळकांनी विचारलं.

आधी घरच्यांनी बोलायचं असतं. तिचं इथं घरचं कुणी नव्हतं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं नुसता माझा हात धरला, त्याला रबराचा वास येत होता.

ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला.

"मी पाठवते," मी म्हणाले. "मी पाठवते, पप्पा."